गाडीच्या चपला

आमच्या आतोबांइतका पृथ्वीवर नाराज असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पृथ्वीवरच्या माणसांवर नाराज असणारे पुष्कळ असतात. आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत तर दर खोलीत एक होता. आतोबांची, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांची, तक्रार थेट पृथ्वीबद्दल होती. ती कुठंच सपाट नाही, असं त्यांचं म्हणणं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीन बसवण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मोठमोठी यंत्रं पायावर उभी करायची आणि ती केसभरही कलणार नाहीत हे पाहायचं, हे त्यांचं काम. बाकीचे लोक भोंगा झाला की कंपनीचं काम कंपनीत ठेवून घरी येत, आतोबा ते शर्टाच्या खिशात घालून आणत. खिशात म्हणजे खरोखरच खिशात. जिथं इतरांचं पेन असतं तिथं त्यांची एक छोटी पितळी स्पिरिट लेव्हल असायची. हिरवट पाण्याची काचनळी आणि तिच्यात पळणारा एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबला की आतोबा खूश, इकडेतिकडे झाला की त्यांचं जेवणावरचं मन उडायचं.

ही लेव्हल ते कुठं काढतील याचा नेम नसे. हॉटेलात चहा येण्याआधी टेबलाच्या पायाखाली काड्यापेटीचा तुकडा जायचा. विहारात वंदनेच्या आधी येऊन ते सगळ्या तसबिरी सरळ करत आणि भन्तेजींच्या आसनाखाली वर्तमानपत्राची घडी सारत. भन्तेजी एकदा हसून म्हणाले, "उपासक, मन समतल असलं की पुरे." आतोबा म्हणाले, "ते बघतो नंतर. आधी हा पाय आखूड आहे." माझं लग्न ठरवायला आम्ही कल्याणला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी पोह्यांच्या बशा मांडल्या आणि आतोबांनी बशांच्या शेजारी लेव्हल मांडली. माझ्या आईनं डोळे मिटून घेतले. "तुमची मोरी हॉलकडं उतरतेय," आतोबा म्हणाले, "पाणी बाहेर येत असणार." त्यावर मुलीची आई आतून धावत आली आणि म्हणाली, "बघा! मी बारा वर्षं हेच सांगतेय, कुणी ऐकतंय का माझं!" माझं लग्न त्या मोरीमुळं जमलं असं माझी बायको अजून म्हणते.

आत्या म्हणजे या सगळ्याच्या उलट. आतोबा इतके सडपातळ की वाऱ्याच्या दिवशी शर्टच चालत येतोय असं वाटायचं. आत्या अंगानं भरलेली, हसायला लागली की खाट कुरकुरायची. तिला सपाटीचं काही पडलेलं नव्हतं. तिला फक्त एकच गोष्ट हवी होती, आणि ती सोपी नव्हती. आमचं मूळ गाव कोकणात, एका खाडीच्या काठी. तिथलं आमच्या वाडीतलं घर आजोबांमागं पडलं ते पडलंच. त्यानंतर गावी जायचं म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवर झोपायचं, आणि आपल्याला कुठपर्यंत आत घेतात, पाणी कुठल्या भांड्यातून देतात, हे न बघितल्यासारखं करत बघत राहायचं. आत्याला ते नको होतं. "खाडी बघायचीय मला मरायच्या आधी," ती म्हणायची, "पण जाईन तर माझ्या घरात राहीन. पाहुणी म्हणून नाही जायची." हे ती वर्षानुवर्षं म्हणत होती आणि आम्ही ऐकत होतो. आतोबांनी मात्र ते मनावर घेतलं. उल्हासनगरच्या रद्दीत त्यांना कुठलंसं परदेशी मासिक मिळालं, त्यात मोटारहोमची चित्रं होती. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. आतोबा ते मासिक घेऊन आत्याकडं गेले आणि म्हणाले, "तुझं घरच घेऊन जाऊ."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गाडी आली ती लिलावातून. कुठल्याशा संस्थेचा फिरता दवाखाना होता, खेडोपाडी हिंडून म्हातारा झालेला. आतोबांनी तिला पिस्ता रंगाचे तीन हात दिले, तरी हवेत ओल आली की रंगाखालची जुनी अक्षरं वर यायची: "शांतता राखा". ऊन पडलं की ती पुन्हा आत जायची. गाडीत कायम फिनेलचा वास. छताला सलाइन टांगायचा हूक होता, त्याला आत्यानं कांद्यांची जाळी अडकवली. मागच्या उजव्या कोपऱ्यात पेशंटला निजवायचा बाक होता. त्याचं रेक्झिन मधोमध खोलगट झालेलं, माणसाच्या पाठीच्या मापाचं. किती जणांनी त्यावर शेवटचं छत पाहिलं असेल कुणास ठाऊक. मी तर त्याला हात लावायलाही कचरायचो. आत्यानं त्यावर गोधडी टाकली आणि ती आपली जागा म्हणून जाहीर केली. "इतक्यांना बरं केलंय ह्यानं," ती म्हणाली, "मला काय खातोय?"

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या त्यांच्या गल्लीत रिक्षा वळायची मारामार, तिथं ही गाडी कुठून राहणार? मग आतोबांच्या कंपनीतल्या एका आगरी दोस्तानं बदलापूरला नदीच्या अंगाला असलेल्या आपल्या भातशेतीच्या कडेची जागा दिली. देताना तो म्हणाला होता, "भाऊ, ही जमीन भाताची हाय. पानी पिते नि फुगते. तुमची गारी नाय पेलायची तिला." आतोबांनी ते हसण्यावारी नेलं. त्यांच्याकडं भंगारातून आणलेले ट्रकचे चार जॅक होते, चार कोपऱ्यांना चार. जॅक लावले, गाडी उचलली, बुडबुडा मध्यावर आणला आणि सगळे चहाला गेलो. परत येऊन बघतो तर मागचा जॅक जमिनीनं मानेपर्यंत गिळलेला, आणि आत्या बाकावरून खिडकीकडं घसरत चाललेली, हातात ताट धरून, हसत.

जॅकखाली काहीतरी रुंद घालायला हवं, इतकं सगळ्यांना कळलं. परदेशात त्यासाठी तयार पॅड मिळतात असं मासिकात होतं. बदलापुरात मिळत नव्हते. आतोबांनी पहिल्या झटक्यात घरातला जेवायला बसायचा पाट नेला. तो कडकन फुटला तो आत्याच्या लग्नातला निघाला, आणि त्या दिवशी आतोबांना जेवायला पाट तर सोडाच, भातही मिळाला नाही. पण रागावलेल्या आत्यानंच फुटका पाट उलटा करून त्यांना दाखवला. "आडव्या पट्ट्या सुटल्या म्हणून फुटला. एकाच दिशेचं लाकूड असं चिरणारच. उभ्यावर आडवं घाला की." आतोबांनी पाटाचे तुकडे एकमेकांवर उभे-आडवे ठेवून पाहिले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले आणि एका सिंधी दुकानदाराकडं सागवानाच्या तुकड्यांचा ढीग उपसू लागले.

"साईं, क्या बनाना है? चौरंग?" दुकानदारानं विचारलं.

"गाडीच्या पायाखाली घालायला," आतोबा म्हणाले.

"गाडी को चप्पल पहनाओगे?" तो पोट धरून हसला. "तो नाप लेके आओ ना, साईं! पैर का नाप!"

आतोबा हसले नाहीत, पण नाव तेच पडलं. चपला. त्या चपला करण्यात त्यांचा एक अख्खा उन्हाळा गेला. सागाच्या फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, मध्ये सरस, वरून आरपार नटबोल्ट, आणि बोल्टची डोकी लाकडात बुडवलेली, मातीला बोचू नयेत म्हणून. खाली भंगारातल्या कन्व्हेयर बेल्टचं जाड रबर, म्हणजे चिखलावर घसरायला नको. वर लोखंडी पत्रा आणि त्यावर एक कडं, ज्यात जॅकचा पाय बरोबर बसेल. एका कोपऱ्याला भोक पाडून नायलॉनची दोरी ओवलेली, चिखलात रुतली तर ओढून काढायला. शेवटी सगळ्या चपला जळक्या ऑइलमध्ये भिजवून उन्हात ठेवल्या, वाळवी लागू नये म्हणून. प्रत्येक चपलेची परीक्षा घ्यायला आत्या तिच्यावर उभी राहायची. "मोडली तर मी मोडली म्हणायचं नाही," ती आधीच बजावायची.

आणि मग लेव्हल घेण्याचा कार्यक्रम. यात आतोबांचा एक नियम होता, कारखान्यातून आणलेला. मशीन रिकामं असताना लेव्हल करायचं नाही, लोडवर करायचं. घराचंही तसंच. "रिकामं घर सरळ करून काय उपयोग?" ते म्हणायचे. म्हणून आत्यानं आपल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायचं आणि आतोबांनी बाहेर जॅक फिरवायचे. ती बसली की त्या बाजूचे जुने स्प्रिंगचे पाटे दबायचे आणि गाडी सरळसरळ तिच्याकडं झुकायची. तेवढं झुकणं भरून काढायला तिच्या कोपऱ्यातल्या चपलेला त्यांनी एक फळी जास्त घातली. आत्या आत तांदूळ निवडत बसलेली, आतोबा गाडीखाली, आणि दोघांचं बोलणं पत्र्यातून चाललेलं.

"उठू का?"

"हलू नको!"

"अहो, पाय आखडला."

"आखडू दे. अर्धी रेघ राहिलीय."

शेवटी बुडबुडा मध्यावर यायचा. आत्या बाकापासून दारापर्यंत गेलेल्या फळीवर एक सुका वाटाणा ठेवायची आणि तो जागचा हलायचा नाही. मग ती उठून दारातून उतरायची. तिचं वजन गेलं की गाडी हळूच समोरच्या, दाराच्या बाजूला कलायची, वाटाणा फळीवरून गडगडत निघायचा आणि दाराच्या पायरीशी जाऊन पडायचा. आत्याला याचं फार कौतुक. "बघा, मला सोडायला येतो," ती म्हणायची. आतोबा म्हणायचे, "तू बसलीस की घर सरळ. हे असंच पाहिजे." मला वाटतं, त्या माणसानं बायकोला म्हटलेलं सगळ्यात गोड वाक्य तेच असावं.

पाऊस संपून जमीन वाळली की निघायचं, असं ठरलं. भांडी चढली, स्टोव्ह चढला, आत्यानं खिडकीला पडदे शिवले. गावी पोचल्यावर फजिती नको म्हणून आतोबांनी शेवटची तालीम ठेवली. त्या तालमीत, भर दुपारी, आपल्या कोपऱ्यात बसल्या बसल्या आत्या गेली. मांडीवर तांदळाचं ताट तसंच होतं, त्यातला दाणाही सांडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या लोकांसाठी सतरंज्या घालताना आतोबा लेव्हल न काढता नुसतेच उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

त्यानंतर काही दिवसांनी मी बदलापूरला गेलो. गाडीला कुलूप घालायचं होतं, इतकंच. दुपारची वेळ, शेतात चिटपाखरू नाही, ऊन कडक. आणि त्या कडक उन्हात गाडीच्या बाजूवर "शांतता राखा" स्पष्ट उमटलेलं. ओल नावालाही नव्हती. आत गेलो. फिनेलचा वास, कांद्यांची जाळी अगदी स्थिर. फळीवर तो वाटाणा होता, मधोमध. गाडी रिकामी होती. रिकामी गाडी दाराकडं कलते, वाटाणा गडगडत जातो, हे मी शंभरदा पाहिलेलं. मी बोटानं वाटाणा दाराकडं ढकलला. तो थोडा गेला आणि थांबला. आतोबांची लेव्हल खिडकीशी ठेवलेली होती. तिच्यातला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये होता.

"चपला बसल्या," मागून आवाज आला आणि मी उडालोच. आतोबा दारात उभे होते. "जमीन वाळली की दबते. दारच्या बाजूची वर राहिली, कोपऱ्यातली खाली गेली. होतं असं."

"बरोबर आत्याच्या वजनाइतकी?" मी विचारलं.

"योगायोग," आतोबा म्हणाले, आणि मी टेकायला बाकाकडं वळलो तसे घाईनं म्हणाले, "तिथं बसू नको. लेव्हल जाईल."

आता एक सांगायला हवं. आमच्यात भूतखेत, अंगात येणं, उतारे, यातलं काही नाही. आतोबा तर या बाबतीत फार कडक. लहानपणी बापाचा हात धरून ते दीक्षेला गेले होते. त्या दिवशी घरातले जे काही देव होते ते बापानं नदीत सोडले, आणि "जे सोडलं ते परत उचलायचं नाही" असं बजावलं. शेजारी कुणी गंडादोरा बांधला तर आतोबा त्याला बसवून अर्धा तास समजावत. तेव्हा गाडीत आत्या बसलीय असं म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं. मग त्यांना प्रत्येक गोष्टीला कारण शोधावं लागे, आणि कारणं शोधण्यात तो माणूस पटाईत. निवृत्त झाल्यावर ते रोज अंबरनाथहून बदलापूरला जात. एकटे असले तर दोन कप चहा करत, मी असलो तर तीन. "एवढ्याशा दुधाला स्टोव्ह करपवतो," ते सांगत. गाडीत शिरले की दार लगेच लावत नसत, कुणी मागून पायरी चढतंय इतका वेळ धरून ठेवत. "बिजागरी अडकते." बाकावर कुणाला बसू देत नसत. "लेव्हल जाईल." हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसू यायचं, आणि हसू आलं की लगेच मान वळवून त्या कोपऱ्याकडं बघावंसं वाटायचं.

त्यांचा दोस्त मात्र सरळ माणूस. तो बांधावरून जाताना गाडीला हात जोडायचा. "वयनी बसलीय आत," तो मला म्हणाला, "मी रोज बगतं. पडदा हलते." आतोबांनी ते ऐकलं आणि त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. पण पडद्याला शिवणीत शिसाचे तुकडे घालून जड केलं तेही त्याच आठवड्यात. तरी तो हलायचा. "वारा," आतोबा म्हणायचे.

एकदा ते पाणी आणायला गेले असताना मी त्या बाकावर बसलो. का, ते सांगता येणार नाही. मला वाटलं, एकदाचा निकाल लागेल. मी गोधडीच्या कडेला टेकलो आणि समोरच्या बुडबुड्याकडं पाहिलं. गाडी माझ्याकडं झुकली. बुडबुडा मध्यापासून सुटून दाराच्या बाजूला चढला आणि तिथंच राहिला. दोन माणसं एका कोपऱ्यात बसल्यावर जावा तसा. गोधडी हाताला कोमट लागली. ऊन खिडकीच्या दुसऱ्या अंगाला होतं. मी उठलो आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. आतोबा कळशी घेऊन आले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काहीच न विचारता मला पाणी दिलं.

अशी काही वर्षं गेली. मग बदलापूरला इमारती उठू लागल्या. दोस्ताच्या मुलांनी शेत बिल्डरला दिलं, बांधावर खडी पडली आणि गाडी हलवायचा निरोप आला. आतोबा हलेनात. निरोपावर निरोप आले, मुलं हातापाया पडली, बिल्डरनं गाडी क्रेननं उचलून टाकीन म्हणून दम दिला. आतोबांचं उत्तर ठरलेलं: "चपला काढल्या तर पुन्हा अशा बसायच्या नाहीत." घरचे सगळे माझ्या मागं लागले, तुझं ऐकतील, तू जा. मी गेलो. खडीच्या ट्रकनं सगळा परिसर हादरत होता, आणि गाडीतल्या फळीवरचा वाटाणा जागचा हलत नव्हता.

"आतोबा," मी म्हटलं, "आत्या गेली."

"मला माहितीय," ते चिडून म्हणाले. "मी काय वेडा आहे? मी स्वतः खांदा दिलाय तिला." मग खिशातली लेव्हल काढून माझ्यापुढं धरली. "पण हे बघ ना. ह्याचं मी काय करू? मी सगळं बघितलं रे. चपला मोजल्या, जमीन मोजली, पाटे तपासले. कुठं काय दबलेलं नाही. आपल्यात हे नाही, मी लोकांना सांगत आलो. मग ह्याचं मी काय करू?"

ते बाकाकडं न बघता बोलत राहिले. "त्या दिवशी मी खाली होतो. एरवी ती सारखी चुळबुळ करायची, पाय आखडला म्हणायची. त्या दिवशी बुडबुडा असा आला, असा थांबला... मी खालून ओरडलो, शाब्बास! आज अजिबात हलली नाहीस. चांगलं दोनतीनदा म्हटलं मी. खूश होतो मी, कळलं? ती गेली होती आणि मी तिला शाब्बास म्हणत होतो." त्यांनी लेव्हल खिशात टाकली. "आता जॅक सोडला आणि लेव्हल गेली, तर ती कुठं जाईल? तिला उतरायची जागा तरी आहे का इथं? बघ बाहेर. खडी नि सिमेंट."

मला एकदम रडू आलं, आणि रडतारडताच सुचलं ते बोललो. "आतोबा, तिला इथं उतरायचंच नव्हतं. तुम्ही तिला खाडीला नेतो म्हणाला होता."

आतोबांनी जॅकचा दांडा उचलला. मग म्हणाले, "दाराकडचा जॅक आधी सोडू. तिचा शेवटी."

आम्ही तसंच केलं. तिच्या कोपऱ्यातली चप्पल जमीन सोडेना. दोरी धरून दोघांनी ओढली तेव्हा चिखलातून सुटावं तसा मोठा श्वास टाकत ती वर आली. जमीन तर कोरडी ठणठणीत होती. दोस्त बांधावर हात जोडून उभा होता, आणि या वेळी आतोबा त्याला काही बोलले नाहीत. इंजिन त्यांनी इतकी वर्षं चालतं ठेवलं होतं, पण वाटेत त्यांनी मला मागं बसू दिलं नाही. "पुढं बस. मागं गर्दी नको," म्हणाले. घाटात प्रत्येक वळणाला गाडी इतकी हळू घेत होते की मागून ट्रकवाले शिव्या घालत होते. मागून नुसता फिनेलचा वास येत होता. कांद्यांची जाळी मात्र, एवढ्या वळणांत, एकदाही झोके घेताना दिसली नाही.

खाडीला पोचलो तेव्हा भरती ओसरत होती. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला, कुणाच्याही ओसरीपासून लांब, वाळूचा एक सपाट पट्टा होता. आतोबांनी चपला मांडल्या, जास्त फळीची तिच्या कोपऱ्यात. जॅक वर घेतले. मग आत जाऊन वाटाणा फळीवर ठेवला, पाण्याच्या बाजूचं दार सताड उघडलं आणि आम्ही दोघे खाली उतरून दाराशी उभे राहिलो. वारा पडलेला होता. वाटाणा जागेवर होता. किती वेळ तसा होता ते मला सांगता येणार नाही. मग मागचे पाटे कुरकुरले, अगदी आत्या उठताना कुरकुरायचे तसे. गाडी हळूच आमच्याकडं कलली. वाटाणा निघाला, गडगडत दारापर्यंत आला, पायरीवरून टपकन वाळूत पडला. आतोबा एक पाऊल बाजूला सरकले, वाट द्यावी तसे.

"उतरली," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि दोनच कप चहा केला, एक मला, एक त्यांना. गाडीच्या अंगावर नुसता पिस्ता रंग होता. खाडीची ओली हवा होती तरी एक अक्षर वर आलेलं नव्हतं. सवयीनं मी विचारलं, "तिच्या कोपऱ्यातली फळी काढू? सरळ होईल." आतोबांनी मान हलवली. मग ते आत गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाकावर, गोधडीवर, खोलगट झालेल्या जागी बसले. "बुडबुडा बघ रे," म्हणाले. मी पाहिला. तो दाराच्या उलट, तिच्या कोपऱ्याकडं चढलेला होता, तिथून मध्याकडं सरकला, आणि निम्म्या वाटेवर थांबला. ते अजून मागं रेलले, पाय वर घेतले, अंग चोरायचं ते सोडून सैल बसले. बुडबुडा तिथंच.

"कमी पडतो रे मी," आतोबा म्हणाले, आणि हसल्यासारखं करून खिडकीबाहेर बघत राहिले.

ते नंतर तिथंच राहिले, त्या कलत्या घरात. मी जायचो तेव्हा चहाचा कप फळीवरून घसरायचा आणि ते बोलता बोलता तो नुसता हातानं धरून ठेवायचे. खिशात लेव्हलच्या जागी पेन आलं होतं. लेव्हल त्यांनी मला देऊन टाकली. ती माझ्या कपाटात आहे. आता आमच्या घरात आई नाही, वडील नाहीत, त्यांची खाट तेवढी खिडकीशी आहे. बायको कधीतरी म्हणते, खाट कलल्यासारखी वाटते, जरा लेव्हल ठेवून बघा ना. मी हो म्हणतो. अजून ठेवून पाहिलेली नाही.